गेरीला कोणता रोल टाकू? रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट?

इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "काका, आजोबांचा पेंटॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा कपाटात सापडला. शटर चालतंय, नवा सेल घातल्यावर उजेड मोजणाऱ्या मीटरची सुईही हलते. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, तो न्यायचाय, आणि पुढच्या आठवड्यात महेश्वरला. रोल महाग आहेत, दोनच घेणार. रंगीत घेऊ की ब्लॅक अँड व्हाइट? की दोन्ही रंगीतच घ्यावेत आणि नंतर स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंग काढून टाकावा?"

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. एक रंगीत घे, एक ब्लॅक अँड व्हाइट. गेरीला रंगीत टाक आणि महेश्वरला ब्लॅक अँड व्हाइट. मात्र गेर रंगांची म्हणून रंगीत आणि महेश्वर जुनं म्हणून ब्लॅक अँड व्हाइट, असा हिशेब करू नकोस. त्या हिशेबाने रोल टाकला की सगळ्यांकडे असतात तेच फोटो आपल्याकडेही जमा होतात. विषय रंगीबेरंगी आहे म्हणून रंगीत फिल्म लागतेच असं नाही. बडोद्याच्या ज्योती भट्टांनी गुजरात-राजस्थानच्या गावांमधल्या रांगोळ्या, भिंतीवरची चित्रं, गोंदणं वर्षानुवर्षं टिपली, आणि त्यातलं बरंचसं काम ब्लॅक अँड व्हाइट आहे. तिथे त्यांना रेष हवी होती, हात हवा होता. उलट रघुवीर सिंह आयुष्यभर रंगीत फिल्मवरच काम करत राहिले. भारत बघताना रंग वगळता येत नाही, ही त्यांची ठाम भूमिका. दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांना आपल्याला काय दाखवायचंय ते रोल टाकण्याआधी माहीत होतं.

रोल निवडताना मी स्वतःला एवढंच विचारतो: समोरची एक वस्तू तिच्या शेजारच्या वस्तूपासून वेगळी कशाने दिसते आहे? रंगाने, की उजेड-सावलीने? रंगाने दिसत असेल तर ब्लॅक अँड व्हाइट फिल्म ती वेगळीक पुसून टाकते. उजेडाने दिसत असेल तर रंग बहुतेक वेळा मध्ये लुडबुड करतो.

यामागे फिल्मची घडण आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. उजेड पडला की, आणि पुढे डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, त्यांची काळी चांदी होते. कुठे किती उजेड पडला एवढीच नोंद त्यात राहते, तो कोणत्या रंगाचा होता ते राहत नाही. रंगीत निगेटिव्हमध्ये एकावर एक असे निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडाला प्रतिसाद देणारे थर असतात. धुताना त्यांच्यात पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग तयार होतो, आणि चांदी शेवटी काढून टाकली जाते. म्हणजे तयार रंगीत निगेटिव्हमध्ये चांदी उरतच नाही, नुसते रंग उरतात. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

आता गेर. सकाळी राजवाड्यासमोर उभी राहून बघ. गर्दीवर गुलाबी, पोपटी, निळा गुलाल उडतोय. डोळ्याला ते तिन्ही रंग ओरडून वेगळे दिसतात, पण त्यांचा उजळपणा जवळजवळ सारखा असतो. आजची कुठलीही साधी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पँक्रोमॅटिक असते, म्हणजे सगळ्या रंगांना बऱ्यापैकी सारखा न्याय देते, आणि नेमका म्हणूनच गुलाबी आणि पोपटी तिच्यावर एकाच करड्या छटेत मिसळून जातात. ज्या मुलाच्या अर्ध्या चेहऱ्यावर एक रंग आणि अर्ध्यावर दुसरा म्हणून तू थांबलीस, तो फोटोत नुसता मळलेला दिसतो. इथे वेगळीक रंगाने आहे, म्हणून रंगीत.

पण हे पहिल्या तास-दीड तासापुरतंच. टँकरमधून पाण्याचे फवारे सुरू झाले, सगळे भिजले, एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगावर गेला की दुपारपर्यंत माणसं एकाच तपकिरी-जांभळ्या रंगाची होतात. तेव्हा रंगीत फिल्मला धरायला काही उरत नाही. त्याच वेळी ब्लॅक अँड व्हाइटचं काम सुरू होतं: ओल्या कपाळावरची चमक, रंगलेल्या चेहऱ्यात उघडलेले पांढरे डोळे आणि दात, मागून ऊन आलं की गुलालाच्या धुरळ्याला येणारी किनार. माझ्याकडे गेरीचे जे चांगले ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहेत ते सगळे उत्तरार्धातले आहेत. तुझ्याकडे कॅमेरा एकच, आणि गर्दीत रोल बदलायचा नाही: मागचं दार उघडलं की गुलालाची पूड पडद्याच्या शटरवर बसते आणि तिथून ती काढणं मेकॅनिकलाही सोपं नसतं. म्हणून सकाळी लवकर जा, रंगीत रोलचे ३६ फोटो उत्तरार्धाआधी संपव, आणि कॅमेरा पिशवीत घालून मग खुशाल भिज.

एक्स्पोजरचंही, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा तेही सांगतो, कारण रोलच्या निवडीशी ते बांधलेलं आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. रंगीत निगेटिव्हवर उजेड दोन-तीन स्टॉप जास्त पडला तरी ती सांभाळून घेते. कमी पडला तर सावल्या मळकट आणि दाणेदार होतात, आणि त्यांच्यात हिरवट झाक येते. गुलालाचा ढग उन्हात चकाकतो, मीटर त्याला फसतो आणि उजेड भरपूर आहे असं सांगतो. त्याचं ऐकलं की चेहरे काळवंडतात. त्यापेक्षा चेहऱ्यावर जसा उजेड आहे तशाच उजेडात आपला तळवा धर, फ्रेम तळव्याने भर, मीटर बघ आणि त्याहून एक स्टॉप जास्त उजेड दे. तळवा मीटरला अपेक्षित असलेल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून ही दुरुस्ती. रोल २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) असेल तर मार्चच्या उघड्या उन्हात शटर १/५०० सेकंद आणि लेन्सचं छिद्र एफ११ हा ढोबळ आकडा. राजवाड्याच्या सावलीत शिरलीस तर तीनेक स्टॉप उघडावे लागतील. स्लाइड फिल्मच्या (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र येतं) वाटेला मात्र या कामात जाऊ नकोस. तिला अर्धा-एक स्टॉपची चूकही खपत नाही, आणि उडत्या गुलालात तेवढं नेमकं मोजायला कुणाला वेळ असतो?

महेश्वरची गोष्ट वेगळी. नर्मदेच्या उत्तर तीरावर ते वसलंय, त्यामुळे घाट आणि किल्ल्याची नदीकडची बाजू दक्षिणेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन पायऱ्यांवर समोरून न येता बाजूने सरपटत येतं. दगडी कोरीवकामाला याहून चांगला उजेड मिळत नाही: प्रत्येक पाकळीला एक उजळ कड आणि एक सावली मिळते. दगडाचा रंग सगळीकडे जवळपास एकच आहे. वेगळीक सगळी उजेडाने आहे. रंगीत फिल्मवर याच चौकटीत एक निळी प्लॅस्टिकची बादली आली की डोळा तिच्याकडेच पळतो आणि कोरीवकाम मागे पडतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ती बादली आणखी एक करडा आकार होऊन गप्प बसते.

पण महेश्वरला गेल्यावर तू हातमागांकडे जाशील आणि तिथे हीच फिल्म तुला अडवेल. समज, मागावर हिरव्या अंगाची, लाल काठाची साडी आहे. पँक्रोमॅटिक फिल्मवर मध्यम हिरवा आणि मध्यम लाल इतके सारखे येतात की काठ अंगात विरघळतो, आणि महेश्वरी साडीचा काठच गेला तर मग दाखवायचं काय राहिलं? इथे फिल्टर लागतो. नियम सोपा आहे: फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला काळं. हिरवा फिल्टर लावलास तर साडीचं अंग उजळेल, काठ गडद होईल. लाल लावलास तर बरोबर उलट. दोन्ही फोटो त्याच साडीचे, त्याच उजेडातले, आणि कोणता खरा हे विचारण्यात अर्थ नाही. विणकराने जो भेद विणलाय तो दोन्हींत दिसतो, एवढं पुरे. तुझ्या ५० मिलिमीटरच्या लेन्सला बहुतेक ४९ मिलिमीटरचा फिल्टर बसेल, लेन्सच्या कडेवर आकडा बघून घे. एकच घेणं परवडत असेल तर पिवळा घे. तो एक स्टॉप उजेड खातो, आकाश थोडं गडद करून नर्मदेवरचे ढग उठावात आणतो, आणि चेहऱ्यांना त्रास देत नाही. गडद लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, आकाश जवळजवळ काळं करतो आणि ओठ फिके पाडतो. या जुन्या कॅमेऱ्याच्या मीटरवर लाल फिल्टरच्या आडून पूर्ण विश्वास ठेवू नये. फिल्टर काढून मोजावं आणि तीन स्टॉप आपल्या हाताने उघडावेत.

फिल्मला कोणता रंग दिसतो आणि कोणता दिसत नाही, याचा सगळ्यात जवळचा धडा आपल्या इंदूरचाच आहे. लाला दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ साली इथे बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले. १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि पुढे निजामाने त्यांना 'राजा' ही पदवी दिली. इंदूरच्या त्या सुरुवातीच्या काळातल्या काचेच्या प्लेटला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. म्हणून त्या काळच्या फोटोंमध्ये आकाश कोरं पांढरं असतं आणि लाल पगडी काळी येते. झेंडूची पिवळी माळसुद्धा काळपट येते. कधी जुना राजघराण्यातला फोटो बघशील तेव्हा त्यातली काळी पगडी काळीच होती असं धरून चालू नकोस. त्या छायाचित्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्या काळच्या चांगल्या फोटोंत इमारतीची आकृती एवढी जोरकस दिसते: कोऱ्या आकाशावर ती कापून ठेवल्यासारखी उभी असते. साधनाला जे दिसत नाही ते मान्य करून त्यांनी रचना केली. रोल निवडणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

आता तुझा तिसरा पर्याय: दोन्ही रंगीत घ्यायचे आणि रंग नंतर काढायचा. तांत्रिकदृष्ट्या यात काही खोट नाही. उलट रंगीत स्कॅनमध्ये तिन्ही रंगांची माहिती वेगवेगळी असते, त्यामुळे लाल किंवा हिरव्या फिल्टरचा परिणाम घरी बसून आणता येतो. स्कॅनरमधली धूळ आणि ओरखडे काढणारी इन्फ्रारेड सोयही रंगीत फिल्मवर चालते. चांदीच्या फिल्मवर ती चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेड अडवते आणि स्कॅनरला सगळा फोटोच धूळ वाटू लागतो. दाण्याचा पोत वेगळा येतो हे खरं. रंगीत फिल्ममध्ये रंगाचे मऊ ठिपके असतात, चांदीचा दाणा टोकदार. पण तेवढ्यासाठी मी कुणाला अडवणार नाही. लग्नाचं काम असेल, वर्तमानपत्राचं असेल, दुसऱ्याच्या पैशाने फोटो काढत असशील, तर जरूर रंगीतच काढ आणि नंतर ठरव.

स्वतःसाठी काढताना मात्र मी ठाम नाही म्हणेन, कारण फरक फिल्मपेक्षा बघणाऱ्यात पडतो. कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट आहे हे माहीत असलं की पाच-सहा फोटोंनंतर डोळा रंग सोडून देतो. चहावाल्याच्या लाल स्वेटरकडे लक्ष जात नाही, त्याच्या किटलीतून निघणाऱ्या वाफेमागे काळं दार आहे की पांढरी भिंत हे दिसू लागतं. पाय आपोआप दाराच्या बाजूला सरकतात. रंगीत रोल असला की त्याच चहावाल्यासमोर तू वेगळी थांबशील: मागच्या निळ्या शटरसमोरून कुणी पिवळ्या साडीतली बाई जाईपर्यंत. उभं राहायची जागा वेगळी, वाट बघण्याचं कारण वेगळं, बटण दाबायचा क्षण वेगळा. पिवळ्या साडीची वाट बघून काढलेल्या फोटोतून नंतर पिवळा काढून टाकलास तर वाफ आणि काळं दार त्यात येणार नाही, कारण तू तिथे उभीच नव्हतीस. रोल टाकला की ३६ फोटोंपर्यंत तो निर्णय बदलता येत नाही, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने फिल्मची सगळ्यात मोठी किंमत मला तिथेच दिसते.

रात्री सराफ्यात, तिथल्या खाऊच्या बाजारात, जायचा मोह होईलच, म्हणून थोडक्यात. डेलाइट रंगीत फिल्म ५५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उन्हासारख्या, उजेडासाठी बनवलेली असते. पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी येतं, जुन्या ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट. आता प्रत्येक गाड्यावर वेगळा एलईडी, त्यामुळे एकाच फोटोत तीन-चार झाका. काहींना ते आवडतं. मला जिलेबीच्या कढईसमोरचा माणूस हिरवा आलेला आवडत नाही. ब्लॅक अँड व्हाइटला उजेडाच्या रंगाशी देणंघेणं नाही. इल्फर्डचा एचपी५ प्लस ४०० चा असला तरी कॅमेऱ्यावर १६०० लावून काढता येतो आणि मग जास्त वेळ धुवावा लागतो. मात्र एकदा १६०० लावलं की पूर्ण रोल १६०० नेच काढायचा, म्हणजे महेश्वरच्या रोलमध्ये सराफा बसवता येणार नाही.

टिकण्याचा मुद्दाही आहे, आणि त्याचा पुरावा तुझ्या घरातच असेल. आजी-आजोबांच्या लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढ आणि ऐंशीच्या दशकातला कुणाच्या मुंजीचा रंगीत फोटो त्याच्या शेजारी ठेव. दुसरा बहुधा लालसर किंवा पिवळट झालेला असेल, कारण त्यातले तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, आणि त्या काळच्या कागदांवर सायन फार लवकर उडायचा. चांदी तशी उडत नाही. फोटो नीट धुतलेला असला, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) मागे राहिला नसला, तर ती आपल्यानंतरही राहते. मधल्या पिढीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर पारदर्शक रंग कापसाने आणि बारीक ब्रशने चढवायचे: गालावर गुलाबी, साडीवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा. वरचा रंग फिका झाला तरी खालची चांदी तशीच. असा फोटो घरात असला तर तो उन्हात टांगून ठेवू नका.

खरेदीचं सांगतो. रंगीतमध्ये कोडॅक गोल्ड २०० किंवा अल्ट्रामॅक्स ४००, जे ताजं मिळेल ते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एचपी५ प्लस. तो घरी धुता येतो: डी-७६ या डेव्हलपरमध्ये न पातळ करता, २० अंशांना साडेसात मिनिटं. मार्चमध्ये आपल्याकडे टाकीचं पाणी २० च्या बरंच वर असतं, म्हणून बाहेरच्या टबात बर्फ टाकून डेव्हलपर खाली आणावा. गरम डेव्हलपरमध्ये वेळ कमी करून भागतं, पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की आकाशात पट्टे येतात. धुण्याची सोय नसेल तर इल्फर्डचा एक्सपी२ सुपर घे. तो ब्लॅक अँड व्हाइटच आहे पण रंगीत रोलच्या रसायनांत, म्हणजे सी-४१ मध्ये धुतला जातो, आणि त्यात शेवटी चांदी उरत नसल्याने स्कॅनरची धुळीची सोयही त्यावर चालते. कपाटात कॅमेऱ्याबरोबर आजोबांचा एखादा 'इंदू' रोल सापडला असेल, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, तर तो जपून ठेव. गेरीला वापरू नकोस. इतक्या वर्षांनी त्यावर धुकट पडदा आलेला असणार.

या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण नसलं की सेल चालू राहतो, म्हणून पिशवीत ठेवताना झाकण लावायचंच. मागच्या दाराच्या कडेचा फोम चिकट किंवा भुगा झालेला असेल तर रंगपंचमीआधी बदलून घे, नाहीतर दोन्ही रोलवर उजेडाच्या रेघा येतील. गेरीत कॅमेऱ्याला जाड प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांध, लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लाव, आणि घरी आल्यावर आधी कोरड्या ब्रशने पूड झटक, ओलं फडकं नंतर. रोल लॅबमध्ये देताना निगेटिव्ह परत हवेत हे पावतीवर लिहून घे. नुसत्या स्कॅनवर समाधान मानू नकोस.